वाढलेला पगार हातात येण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बढतीची बातमी तू एका ओळीत उरकलीस आणि मग पानभर एकच प्रश्न विचारलास: तीन वर्षांत पगार दुप्पट झाला, तरी पंचवीस तारीख उजाडली की खात्यात पहिल्या नोकरीत उरायचे तेवढेच पैसे उरतात, मग मधले गेले कुठे? आणि सगळ्यात शेवटी, कुणी आरोप केल्यासारखं, 'मी उधळपट्टी करत नाही हो.'

नाहीच करत. मी तुला ओळखते. उधळ्या माणसाला निदान आपलं कुठे चुकतंय हे ठाऊक तरी असतं. तुझ्यासारख्या विचारी मुलीची पंचाईत वेगळी. तुझ्या प्रत्येक खर्चामागे कारण आहे आणि ते खरं आहे. आधीचं घर लहान पडत होतं. जुना फोन मधेच बंद पडायचा. रात्री उशीर होतो म्हणून टॅक्सी. यातला एकेक खर्च समोर ठेवलास तर मीही 'बरोबर केलंस' असंच म्हणेन. पण ते सगळे एका कागदावर, एकाखाली एक, तू कधी लिहिलेच नाहीस. मीही कित्येक वर्षं लिहिले नव्हते.

आधी थोडं गणित करू. रक्कम सोड, नुसते भाग धरू. समज, पहिल्या नोकरीत तुला १०० मिळत होते, ८० खर्च व्हायचे, २० उरायचे. आता २०० मिळतात, खर्च १८०, शिल्लक तीच २०. वरवर पाहता काहीच बिघडलेलं नाही. पण सहा महिने बिनपगारी काढायची वेळ आली तर किती साठवण लागेल ते बघ. पूर्वी ४८० लागत, महिना २० टाकून ते दोन वर्षांत जमले असते. आज १०८० लागतील, आणि त्याच वेगाने जमवायला साडेचार वर्षं जातील. समज, ते ४८० तू आधीच जमवून ठेवले होतेस. मग त्यांना तू हातही लावलेला नसताना ते निम्म्याहून कमी झाले आहेत, कारण सहा महिने पुरणारी तीच रक्कम आता पावणेतीन महिनेसुद्धा पुरणार नाही. पगार दुप्पट झाला आणि तू आधीपेक्षा उघड्यावर आलीस. पत्रात तू 'कसलीशी धाकधूक वाटते' असं लिहिलं आहेस. ती धाकधूक खोटी नाही, तिचं मूळ या आकड्यांत आहे.

जेम्स ड्यूझेनबेरी या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९४९ साली यावर लिहून ठेवलं आहे. माणसाचा खर्च नुसता आजच्या मिळकतीवर ठरत नाही, आजवर गाठलेल्या सर्वांत मोठ्या मिळकतीची सवय त्याला लागलेली असते, असं त्याचं म्हणणं. मिळकत घटली तरी खर्च त्या मानाने खाली येत नाही. खटका असलेलं दातेरी चाक एकाच बाजूला फिरतं आणि उलट फिरवायला गेलं की अडतं, तसं. टॅक्सीची सवय लागायला तुला एक पावसाळी संध्याकाळ पुरली असेल. ती सोडायला किती महिने लागतील, याचा विचार कर.

त्याच ड्यूझेनबेरीने दुसरी गोष्टही सांगितली: आपण खर्च करतो तो आजूबाजूच्यांकडे पाहून. बढतीबरोबर तुझ्या आजूबाजूची माणसं बदलतील. त्यांच्या सहली, त्यांच्या मुलांच्या शाळा, त्यांची घड्याळं, हे सगळं तुला हळूहळू साधंच वाटू लागेल. चांगला पगार असणाऱ्या माणसाला 'हे मला परवडत नाही' म्हणणं फार जड जातं, ऐपत असून चिकटपणा करते असं वाटेल या भीतीने. तू नुसतं 'मी येणार नाही' म्हणत जा. कारण देऊ नकोस. दोन-तीनदा म्हटलंस की लोक विचारायचे थांबतात आणि मैत्री आहे तशीच राहते.

आता माझ्या घराचं सांगते. मोठा पगार झाल्यावर मी एक खोली जास्त असलेलं घर घेतलं. त्या खोलीत अभ्यासिका करायची, पाहुणे आले तर त्यांची सोय व्हायची, असं सगळं मनात ठरलेलं होतं. पहिले काही दिवस मी रात्री दिवे मालवायच्या आधी त्या खोलीच्या दारात उगाच उभी राहायचे. फार छान वाटायचं. वर्षभरानंतर तिथे काय होतं? इस्त्रीचं टेबल, वस्तू आल्या तशी रिकामी झालेली खोकी आणि भिंतीला टेकवलेला, कधीच न टांगलेला एक आरसा. एका रविवारी मी हिशोब केला. त्या एका खोलीपायी वाढलेला हप्ता भरायला महिन्यातले चार दिवस मी कामावर जात होते. चार दिवस, त्या खोक्यांसाठी. शिवाय घर मोठं हवं म्हणून लांब घेतलेलं, त्यामुळे रोजचा प्रवास दुप्पट झाला होता. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातलं एकेक काम आठवून ते करताना कसं वाटलं हे लिहायला सांगितलं होतं. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास त्यात अगदी तळाला होता. म्हणजे सवयीने ज्याचा आनंद विरून गेला ती खोली मी विकत घेतली आणि ज्याचा त्रास सवयीनेही कमी होत नाही तो प्रवास तिच्याबरोबर पदरात पाडून घेतला.

म्हणून चैन करू नकोस असं मी म्हणणार नाही. कॉफी मोजू नकोस, पुस्तकं मोजू नकोस, वर्षातून एकदा मनासारखी सहल कर. अडचण आली की हे खर्च त्याच महिन्यात थांबवता येतात. माझा जीव खालीवर होतो तो वर्षानुवर्षं बांधून घालणाऱ्या खर्चांनी: घराचं भाडं किंवा हप्ता, गाडीचा हप्ता, मोठ्या फीची शाळा, क्लबची वर्गणी. एकदा सही केली की तिथे तुझं मत पुन्हा कुणी विचारत नाही. त्यांची बेरीज पगाराच्या अर्ध्याच्या पुढे गेली की नाकापेक्षा मोती जड. आणि दरवर्षी मिळतो म्हणून बोनसच्या भरवशावर कसलाही हप्ता बांधून घेऊ नकोस. बोनस न मिळालेल्या वर्षी तो भरताना मी दागिना मोडला आहे.

यापुढचं मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

चौतिसाव्या वर्षी मला अशीच बढती मिळाली होती. वर्षाच्या आत घर आणि गाडी, दोन्ही कर्जाने. त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या वरिष्ठांनी ग्राहकाकडे जाणारा एक अहवाल माझ्यासमोर ठेवला. त्यात चाचणीचे नापास निकाल गाळले होते. सही माझी हवी होती. मी उद्यापर्यंत वेळ मागितला. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बसून एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: ५ तारखेला घर, ७ ला गाडी, १० ला क्रेडिट कार्ड. खाली शिल्लक लिहिली. नोकरी सोडली असती तर पाच आठवडे निघाले असते. सकाळी जाऊन मी सही केली.

दुसरी सही माझ्या एका सहकारिणीची लागणार होती. तिचा पगार माझ्या दोन तृतीयांश असेल. ती अजूनही जुन्याच भाड्याच्या घरात राहायची आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. तिने अहवाल वाचला, नकार दिला आणि आठवड्याभरात राजीनामा दिला. तिच्याकडे नऊ महिन्यांचा खर्च बाजूला होता, हे मला नंतर कळलं. ती माझ्याहून शूर होती का, हे मी बरीच वर्षं स्वतःला विचारत होते. असेलही. पण त्या रात्री माझ्याकडे पाच आठवड्यांऐवजी नऊ महिने असते, तर मीही कदाचित तो कागद परत सरकवला असता. पैसे साठवण्याविषयी मी एवढी हट्टाने बोलते ती या सहीमुळे.

तर आता तुझ्या वाढीचं. वाढलेला पगार अजून तुझ्या हातात आलेला नाही आणि त्याची सवय तुला लागलेली नाही. एवढी चांगली वेळ पुन्हा पुढच्या वाढीलाच मिळेल. कर वजा जाता हातात नक्की किती जास्त येणार ते आधी काढ, कारण बढतीच्या पत्रातला आकडा आणि खात्यात पडणारा आकडा एक नसतो. त्या वाढीतला निम्मा भाग पगार जमा होईल त्याच दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव. उरलेला निम्मा खुशाल खर्च कर. मघाच्या आकड्यांत बसवून पाहा: १०० चे २०० होताना तू निम्मीच वाढ खर्च केली असतीस, तर आज खर्च १३० असता आणि शिल्लक ७०. राहणीमान दीडपटीहून वर गेलं असतं, आणि सहा महिन्यांची साठवण साडेचार वर्षांऐवजी साधारण अकरा महिन्यांत झाली असती.

हे जमतं, कारण हातातलं काही काढून घेतलं जात नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना हेच सुचवलं होतं: आज काही कापू नका, पुढच्या प्रत्येक वाढीतला काही भाग बचतीत जाईल एवढं आज कबूल करा. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ज्यांनी कबूल केलं त्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. ही माणसं त्याआधी 'आत्ता बचत जमणारच नाही' म्हणणारी होती.

मागच्या तीन वर्षांचं काय, असंही तू विचारशील. सगळं एकदम उलटं फिरवू नकोस, चार दिवसांत कंटाळशील. न वापरलेल्या वर्गण्या आज संध्याकाळी बंद कर, त्याला दहा मिनिटं लागतात. मग बांधून घेतलेल्या खर्चांतला एकच निवड, ज्याचा आनंद केव्हाच विरला आहे आणि पैसे मात्र दरमहा जातात. तुझ्या घरातही अशी एखादी खोली असेल.

तुझ्या घराचा करार पुढच्या महिन्यात संपतो आहे आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचं मोठं घर तू पाहून आली आहेस, असं शेवटी लिहिलं आहेस. सही करण्याआधी मला फोन कर. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागी असते.

तुझी,
जुनी वरिष्ठ