६० हजारांत व्हर्च्युअल मशीन आणि अधूनमधून गेम यांसाठी शांत कॉम्प्युटर कसा जुळवावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकला वन बीएचके, मॉनिटर-कीबोर्ड घरात आहेत, बाकी सगळं ६० हजारांत बसवायचंय. कुबरनेटीस (अनेक मशीनवर सॉफ्टवेअर वाटून चालवणारी प्रणाली) शिकायला तीन लिनक्स व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे कॉम्प्युटर, कधीमधी एक विंडोज, आणि महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी जीटीए ५. टेबल हॉलमध्ये आहे आणि रात्री आई-बाबा हॉलमध्येच झोपतात.

मी त्या शेवटच्या वाक्यावर अडकलो. डोंबिवलीत माझी चार वर्षं अगदी अशीच गेली, त्यामुळे उत्तर जरा एकांगी वाटलं तर समजून घ्या: ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नका.

महिन्यातल्या तीन संध्याकाळींसाठी बजेटचा मोठा लचका तोडायचा, वर दोन-तीन जास्तीचे पंखे आणि शंभर-सव्वाशे वॉटची शेगडी कॅबिनेटमध्ये बसवायची, याला माझ्या लेखी अर्थ नाही. त्याऐवजी आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. एएमडीचा रायझन ७ ५७००जी: ८ कोअर (काम करणारे गाभे), १६ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं). हात आखडता घ्यायचा असेल तर ५६००जी किंवा ५६००जीटी, दोन्ही ६ कोअरचे. जुने आहेत, एएम४ सॉकेटचे (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची खाच) आहेत, या सॉकेटला पुढे भविष्य नाही, हे सगळं मान्य. पण जीटीए ५ सुद्धा पीसीवर २०१५ साली आलेला गेम आहे. सेटिंग थोडी उतरवली की १०८०पीवर नीट खेळता येतो. फक्त जुनी लेगसी आवृत्ती चालवा, २०२५ ची एन्हान्स्ड या प्रोसेसरला झेपायची नाही.

आता रॅम, कारण व्हर्च्युअल मशीनवाल्यांची पंचाईत नेहमी तिथेच होते. कोअर वाटून घेता येतात, तीन मशीन रिकामी बसलेली असली तर प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. रॅम मात्र एकदा दिली की दिली. हिशोब मांडा. क्लस्टर (एकत्र राबणाऱ्या मशीनचा संच) उभा करायला कुबेएडीएम हे कुबरनेटीसचं साधन प्रत्येक मशीनला किमान २ जीबी मागतं, पण तेवढ्यात दोन पॉड (कुबरनेटीसवर चालणारी अॅप) टाकले की रडारड सुरू, म्हणून ४ धरा. तीन मशीनचे झाले १२. विंडोज ११ ला कागदावर ४ पुरतात, खरं काम करायचं तर ८. मूळ सिस्टिम आणि ब्राउझरला ६. शिवाय आतलं ग्राफिक्स स्वतःसाठी याच रॅममधून २ जीबी बाजूला काढतं, हे लोक विसरतात. एकूण २८. म्हणजे ३२ जीबी ही चैन नाही, गरजच आहे.

ती १६-१६ च्या दोन स्टिकमध्ये घ्या. दुकानदार म्हणेल, आत्ता एकच १६ ची टाका, दुसरी नंतर. ऐकू नका. एका स्टिकवर रॅमचा रस्ता निम्मा होतो आणि आतलं ग्राफिक्स त्याच रस्त्यावर जगतं, गेम पार लुळा पडतो. मदरबोर्ड चार स्लॉटचा घ्या, बी५५० चिपसेटचा, म्हणजे उद्या ६४ करता येतील. दोन स्लॉटचा बोर्ड थोडा स्वस्त पडतो, पण पुढे रॅम वाढवायची झाली की आधीच्या स्टिक मातीमोल भावाने विकाव्या लागतात.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे दर असे भडकले की आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात खोटा ठरेल. आधी रॅमचा दर विचारा आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराला चक्कर होणार असेल तर तिथेही विचारा. कुठूनही घ्या, पण बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर हवा. प्रोसेसर खोक्यातला घ्या. 'ट्रे'मधला सुटा स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी म्हणजे दुकानदाराची मर्जी. माझ्या मित्राने तसा घेतला होता, दीड वर्षाने दुकानाच्या जागी मोबाईल कव्हरवाला बसला होता.

डिस्क एकच, १ टीबीची एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी, न फिरणारी वेगवान डिस्क). चार मशीन एकदम बूट होताना लहान लहान वाचन-लेखनाचा नुसता भडिमार असतो आणि जुनी फिरती हार्ड डिस्क तिथे गुडघे टेकते. आवाजाच्या बाबतीतही ती मोठी गुन्हेगार आहे, आणि हे मी सोसून शिकलोय.

झालं असं, की मशीन जुळवल्यावर पहिल्याच रात्री हॉलमध्ये एक 'हूं' असा सूर ऐकू यायला लागला. मोठा नाही, पण उशीवर डोकं टेकलं की कानात शिरायचा. मी आधी कॅबिनेटचा पंखा बदलला, मग दुसरा. सूर जागच्या जागी. शेवटी जुन्या कॅलेंडरची सुरळी केली, एक टोक कानाला आणि दुसरं कॅबिनेटवर फिरवत गेलो, डॉक्टर छातीवर फिरवतात तसं. एसएमपीएसपाशी (वीजपुरवठ्याच्या डब्यापाशी) फक्त वारा. प्रोसेसरपाशी बारीक सुसू. खाली, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापाशी आलो आणि सूर एकदम भरला. बॅकअपसाठी जुन्या पीसीतली डिस्क लावली होती, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. बरोबर त्याच सुरात कॅबिनेटचा पत्रा थरथरत होता आणि त्याच्याखाली प्लायवूडचं टेबल, म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच. कॅबिनेटखाली जुन्या योगा मॅटचे चार तुकडे ठेवले तेव्हा आवाज निम्म्यावर आला, आणि डिस्क काढून बाहेरच्या यूएसबी डब्यात घातली तेव्हा पूर्ण गेला. बॅकअप आता रविवारी सकाळी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना.

पंख्यांचं गणित सोपं आहे. वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवायचा. प्रोसेसरच्या खोक्यात जो छोटा कूलर येतो तो चांगला आहे, पण जोर आला की शिट्टी वाजवतो. त्याऐवजी १२० मिमीच्या एका पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर घ्या. तो साधारण साडेपंधरा सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे कॅबिनेटमध्ये मावतो का ते आधी बघा. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. पुढे काच आणि आत सप्तरंगी दिवे असलेली जी कॅबिनेट दुकानात पहिल्या रांगेत मांडलेली असतात, त्यांचा श्वास कोंडतो आणि मग पंखे ओरडतात. कूलरची परीक्षणं बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. आपल्या मे महिन्यातला हॉल त्यांनी पाहिलेला नाही.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस घरी आणूच नका. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा घ्या. तुमचं मशीन त्याच्या निम्म्यापर्यंतही जाणार नाही, त्यामुळे त्याचा पंखा आळसावलेला राहील, आणि उद्या कार्ड घ्यावंसं वाटलं तर हाच पुरेल.

यापुढचं बरंचसं बायोसमधलं (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधलं), बिनपैशाचं, आणि खरा फरक इथेच पडतो.

रायझनची एक खोड आहे: ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी तापमान ४५ वरून ६५ ला उडी मारतं आणि दोन सेकंदांत परत खाली येतं. पंखा बिचारा प्रत्येक उडीमागे धावतो. झोपलेल्या माणसाला एकसुरी आवाजाचा त्रास होत नाही, या वर-खाली होण्याचा होतो. म्हणून बायोसमधली पंख्याची तापमान-वेग रेषा ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवा, तीस-पस्तीस टक्क्यांवर, आणि त्यानंतर चढवा. वेग बदलायला काही सेकंद उशीर लावायची सोय असेल तर तीही वापरा. कॅबिनेटचे पंखे तीन पिनचे असतील तर मदरबोर्डवर ते जिथे जोडलेत त्या जागेचा मोड डीसी (व्होल्टेजने वेग ठरवणारा) करा. तो पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनवरून वेग ठरवणाऱ्या मोडवर) राहिला तर पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो.

दुसरं, प्रोसेसरला ४५ वॉटवर बांधा. या जी मालिकेला ४५ ते ६५ ची मुभा एएमडीनेच दिलेली आहे. सगळे कोअर एकदम राबले तर थोडा फरक जाणवेल, एरवी कळणारही नाही. मी रात्री ४५ वरच ठेवतो.

तिसरं, एसव्हीएम मोड, म्हणजे एएमडी प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय. बऱ्याच बोर्डांवर तो बंद येतो आणि ओव्हरक्लॉकिंगच्या मेनूत कुठेतरी खोल दडलेला असतो. तो चालू केल्याशिवाय व्हर्च्युअल मशीन धड उठणारच नाही.

मूळ सिस्टिम कोणती ठेवायची? लिनक्स जमत असेल तर केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आणि व्हर्ट-मॅनेजर (ती हाताळायचं अॅप), दुसरं काही बघू नका. विंडोज ११ त्यात टाकताना टीपीएम (सुरक्षेची चिप) मागेल, तेवढा सॉफ्टवेअरचा खोटा टीपीएम जोडून द्यायचा. मूळ विंडोजच ठेवणार असाल तर २०२४ पासून फुकट झालेलं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो चांगलं आहे. व्हर्च्युअलबॉक्स वापरलंत आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर समजा की हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा, आड येतेय आणि म्हणून सगळं रखडतंय. त्या कासवाने माझे दोन शनिवार खाल्ले.

कुणीतरी सांगेल की कार्ड घे आणि पासथ्रू करून (कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करून) गेम व्हर्च्युअल मशीनच्या आतच खेळ. करता येतं, पण तो वेगळा छंद आहे. व्हॅलोरंटसारखे गेम तर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालूच होत नाहीत, त्यांचा चीटिंग पकडणारा पहारेकरी दारातूनच परत पाठवतो. गेमच्या वेळी मशीन सेव्ह करून बंद करा, रॅम मोकळी होते, खेळून झालं की जिथे होता तिथून पुढे.

वर्षभराने कार्ड घ्यावंसंच वाटलं तर एएमडीच्या आरएक्स ६६०० कार्डाच्या ताकदीचं, १३० वॉटच्या आसपासचं बघा, आणि काम नसताना पंखे पूर्ण थांबवणारं मॉडेल आहे ना याची खात्री करा. कॅबिनेट ठरलं की त्याचं मॉडेल खाली लिहा, टॉवर कूलर बसतो का ते बघून सांगतो.