प्रार्थना देवाजवळ करायची, की मुलाला ऐकवायची?

वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

(या महिन्यात नागपूर शहरातून आलेली चार पत्रे एकाच विषयावरची, म्हणजे आपल्या माणसांच्या तारणासाठी करावयाच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेविषयीची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.)

प्रश्न : आमचा मुलगा लहानपणी रविवारच्या शाळेत नियमित जात असे. त्याचे दृढीकरणही (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झाले. कॉलेजात गेल्यावर त्याने उपासनेला येणे हळूहळू सोडले आणि आता नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला लागल्यापासून तर "माझा या गोष्टींवर विश्वास नाही" असे तो स्पष्टच सांगतो. मी त्याच्यासाठी अनेक वर्षे प्रार्थना करीत आहे. रोज सकाळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वचनही पाठवते. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाचीच इच्छा आहे, तर मग मी मागण्याची गरज काय? आणि गरज असेल, तर उत्तर का मिळत नाही? माझ्याच विश्वासात काही उणे आहे काय? (एक आई, मोहननगर)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांपेक्षा तोच आपल्याला अधिक छळत असावा. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू येशू पेत्राला सांगतो की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि त्याच रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र त्याला तीन वेळा नाकारतो. ही प्रार्थना करणाऱ्याच्या विश्वासात उणे होते असे कोणी म्हणणार नाही. पेत्राने नाकारूच नये असे प्रभूने मागितलेले नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. त्याने मागितले ते पेत्राचा विश्वास पडझडीनंतरही समूळ नाहीसा होऊ नये एवढेच, आणि "तू वळलास म्हणजे" असे म्हणून तो पुढच्या कामाचीही सोय लावून देतो. प्रभूच्या स्वतःच्या घरातही काही वेगळे नव्हते. त्याचे भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असे योहान सातव्या अध्यायात नोंदवतो, आणि तेच भाऊ पुनरुत्थानानंतर माडीवरच्या खोलीत मरीयेबरोबर प्रार्थना करताना आपल्याला प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात दिसतात. तेव्हा मुलगा दूर आहे यावरून आईच्या विश्वासाचे माप काढण्याचा जो प्रकार आपल्या काही प्रार्थनासभांतून चालतो, त्याला शास्त्रात आधार नाही, आणि आपण तो मनावर घेऊ नये.

आता देवाची इच्छाच असेल तर मागायचे कशाला, हा प्रश्न. आपण ज्या वचनाचा उल्लेख केला आहे ते पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तेथे वाक्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना व रदबदली करावी ही आज्ञा आधी येते, आणि सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा त्या आज्ञेचे कारण म्हणून नंतर येते. देवाची इच्छा हे प्रार्थना न करण्याचे कारण नव्हे. तिच्यामुळेच मागण्याचे धैर्य होते. नाश होऊ घातलेले सदोम शहर वाचावे म्हणून अब्राहाम पन्नास नीतिमान माणसांपासून दहापर्यंत घासाघीस करतो, तो प्रसंग आपण नेहमी अब्राहामाच्या चिकाटीचा म्हणून सांगतो. पण त्याआधी देव स्वतःशी म्हणतो की, मी जे करणार ते अब्राहामापासून लपवून ठेवू काय? बोलणे देवानेच काढलेले आहे. शहर वाचले नाही, परंतु देवाने अब्राहामाची आठवण करून त्याच्या पुतण्याला, लोटाला, त्यातून बाहेर काढले असे पुढच्या अध्यायात लिहिले आहे.

देव कोणाला निवडतो आणि माणसाची इच्छा किती मोकळी असते, यावर देवाच्या निवडीवर भर देणाऱ्या कॅल्विनच्या परंपरेतील आणि माणसाच्या मोकळ्या इच्छेवर भर देणाऱ्या वेस्लीच्या परंपरेतील लोकांचे मत एक नाही व बहुधा होणारही नाही. तरी २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि मेथडिस्टांचा एक भाग या सर्वांना एकत्र येण्यात या मतभेदाची अडचण झाली नाही, आणि मुलांच्या तारणासाठी प्रार्थना करणे यांपैकी कोणीही कधी सोडलेले नाही. तो वाद सुटेपर्यंत आपणही थांबू नये.

उत्तराला लागणाऱ्या विलंबाविषयी संत मोनिका हिचे उदाहरण आपण व्याख्यानांतून ऐकलेच असेल, पण ते बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते. तिचा मुलगा ऑगस्टीन (जन्म ३५४), जो पुढे मंडळीचा थोर आचार्य झाला, तो मानी नावाच्या ख्रिस्ती शिकवणीबाहेरच्या पंथात गेला तेव्हा तिने एका बिशपांना गळ घातली की, आपण त्याच्याशी वाद घालून त्याला वळवावे. बिशपांनी नकार दिला. त्याला सध्या आहे तेथेच असू द्या, फक्त त्याच्यासाठी प्रभूजवळ प्रार्थना करा, वाचता वाचता त्याची चूक त्यालाच कळेल, असे ते म्हणाले. ती ऐकेना आणि रडू लागली, तेव्हा काहीसे वैतागून त्यांनी तिला जायला सांगितले, आणि एवढ्या अश्रूंचा पुत्र नाश पावणे शक्य नाही, असे ते जाता जाता बोलून गेले. आपण ते अश्रूंचे वाक्य भिंतीवर लावतो आणि "असू द्या" हा सल्ला विसरतो. पुढे ३८३ च्या सुमारास ऑगस्टीन आईला फसवून रात्रीच कार्थेजहून रोमला जहाजाने निघून गेला. ती त्या रात्री बंदराजवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरात, त्याने जाऊ नये म्हणूनच प्रार्थना करीत होती. ऑगस्टीनने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की, ती नेहमी जे मागत होती ते देण्यासाठी त्या रात्री तिने जे मागितले ते देवाने दिले नाही. कारण रोमहून तो मिलानला गेला, तेथे त्याला बिशप अँब्रोज भेटले, आणि ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

यावरून आपल्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. एक म्हणजे, मुलाला वळवणारा माणूस आपणच असले पाहिजे हा आग्रह सोडून द्यावा आणि त्याच्या वयाचा, त्याच्या कामातला, त्याच्या शंकांना न घाबरणारा एखादा विश्वासू मित्र त्याला मिळावा म्हणून मागावे. पिकासाठी कामकरी पाठवण्याची विनंती करायला प्रभूनेच सांगितले आहे. दुसरी गोष्ट आपल्याला कदाचित कठोर वाटेल. रोज सकाळचा तो व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश काही काळ बंद करावा. ज्या वचनाला उत्तर देण्याची सोय नाही असे वचन रोज मिळत राहिले, की माणूस ते उघडायचे सोडतो आणि पुढे पाठवणाऱ्याचेही फोन टाळू लागतो. त्याच्याविषयी जे सांगायचे ते देवाला सांगावे. त्याला मात्र तो जेवला काय, त्याची रात्रपाळी संपली काय, हेच विचारावे, आणि त्याच्या नोकरीच्या चिंताही तारणाइतक्याच मनापासून प्रार्थनेत आणाव्यात.

प्रश्न : मी हिंदू कुटुंबातला असून माझी पत्नी ख्रिस्ती आहे. आमचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला. सासरी गेलो की रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला मी आदराने बसतो. तेथे सासूबाई माझे नाव घेऊन, "प्रभू, याचे कठीण हृदय मोड, याचे डोळे उघड" अशी प्रार्थना मोठ्याने करतात. त्यांच्या महिला मंडळातही माझ्या खासगी गोष्टी प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितल्या जातात, असे मला समजले. प्रार्थनेला माझा विरोध नाही, पण हे योग्य आहे काय? (एक जावई, जरीपटका)

उत्तर : योग्य नाही. आपण हे पत्र एका ख्रिस्ती मासिकाला लिहिलेत याबद्दल आभार मानतो, आणि उत्तर आपल्याइतकेच आमच्या वाचकांसाठीही देतो.

समोर बसलेल्या माणसाला ऐकू जावे अशा बेताने केलेली प्रार्थना वरवर देवाकडे तोंड करून असली, तरी तिचा रोख त्या माणसाकडे असतो, आणि त्याला उलट बोलता येत नाही म्हणून ती उपदेशाहूनही जड होते. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या प्रार्थनेविषयी प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात काय म्हटले ते आपल्या सासूबाईंना नक्की पाठ असेल. विश्वास न ठेवणाऱ्या पतीविषयी पेत्राचा सल्लाही उलट दिशेचा आहे; पत्नीच्या वागणुकीने तो वचनावाचून मिळवला जावा, असे तो लिहितो. पौल तर करिंथ येथील पत्नीला सरळ विचारतो की, तू आपल्या पतीला तारशील किंवा नाही हे तुला काय ठाऊक? महिला मंडळाबद्दल एवढेच सांगतो की, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे नाव पुरेसे असते. तपशील देवाला ठाऊक आहेत, आणि शेजारणींना ते ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे घर आपल्या वाचकांना परके नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला तो १९०० साली. मध्यंतरी काही काळ त्या दूर राहिल्या, आणि एकत्र राहू लागल्यावरही सोवळे पाळीत राहिल्या. टिळकांनी ते चालू दिले. लक्ष्मीबाईंनी विश्वास स्वीकारला तो स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळी. एवढ्या उत्साही स्वभावाच्या माणसाला ही वाट पाहणे सोपे गेले नसणार.

आपण पत्नीमार्फत सासूबाईंना सांगावे की, आपण माझ्यासाठी अवश्य प्रार्थना करा, फक्त मी समोर नसताना करा. यात त्यांचा अपमान नाही, आणि सूज्ञ असतील तर त्या ते मान्य करतील.

प्रश्न : "प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल" हे वचन हक्काने मागितले की सगळे घर तारले जाईलच, असे एका सभेत सांगितले गेले. हे बरोबर आहे काय? (एक वाचक, मेकोसाबाग)

उत्तर : प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातील हे वाक्य फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला उद्देशून आहे, आणि त्यापुढची तीन वचने वाचल्यास शंका राहत नाही : पौल व सीला यांनी त्याच्या घरातील सर्वांना वचन सांगितले, आणि सर्व घराण्याने विश्वास ठेवून आनंद केला. एकाच्या विश्वासाने बाकीचे न ऐकताच तारले गेले, असे तेथे नाही. घराण्यासाठी आशेने मागावे. हक्काची पावती मात्र कोणाकडे नाही.

प्रश्न : वडील बाप्तिस्मा न घेताच वारले. आता त्यांच्यासाठी प्रार्थना करता येईल काय? (एक वाचक, सदर)

उत्तर : येथे मंडळ्यांची शिकवण वेगवेगळी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक मंडळी मृतांसाठी प्रार्थना करते. २ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठीच असतो, आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय त्याला आधार मानला जातो. ते पुस्तक प्रोटेस्टंट पवित्र शास्त्रात नाही, आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृत माणसाच्या तारणासाठी विनंती करण्याची रीत सामान्यतः नाही. मी स्वतः प्रोटेस्टंट परंपरेतला आहे. तरीही वडिलांचा निकाल लावण्याचे काम आपल्यावर किंवा आपल्या पाळकांवर सोपवलेले नाही, हे दोन्ही परंपरा मान्य करतात. येशूशेजारी वधस्तंभावर असताना "माझी आठवण कर" म्हणणाऱ्या आणि त्याच्याकडून सुखलोकाचे आश्वासन मिळालेल्या चोराला बाप्तिस्मा मिळाला नव्हता, आणि त्याचे ते शेवटचे बोलणे त्याच्या घरच्यांच्या कानी गेले की नाही हे शास्त्र सांगत नाही. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, असे अब्राहामाने विचारले होते. वडिलांचे नाव घेऊन देवाजवळ तोच प्रश्न विचारण्यास, त्यांच्याबद्दल आभार मानण्यास आणि रडण्यास कोणत्याही मंडळीची मनाई नाही.

जाता जाता, मोहननगरच्याच भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारलेल्या एका छोट्या प्रश्नाचे उत्तर : आपल्याला मधुमेह आहे आणि मुलासाठी दर शुक्रवारी निर्जळी उपास केल्याने प्रार्थनेला जोर येईल काय, असे आपण विचारले आहे. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी यशवंत स्टेडियमजवळ मागणी मान्य होईपर्यंत जे उपोषणाला बसतात, तसा ख्रिस्ती उपास नसतो. त्याने देवावर दबाव येत नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, असे म्हटले आहे. आपण औषध व जेवण वेळेवर घ्यावे, डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही सोडू नये, आणि शुक्रवारी काही करायचेच असेल तर दूरदर्शनवरची मालिका सोडून तो अर्धा तास प्रार्थनेला द्यावा.