सहीखालची तीन अक्षरं

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांनी विचारलं आहे: ते अमेरिकन टपाल खात्यात कामाला आहेत. एप्रिलमध्ये पार्सलांचा टब उचलताना खांद्याचा स्नायू फाटला. अर्जंट केअरच्या (भेटीची वेळ न घेता जाता येणाऱ्या दवाखान्याच्या) 'डॉक्टर मॅडम'नी चार वेळा तपासलं, तरी 'वैद्यकीय पुरावा नाही' म्हणून 7 ऑगस्ट 2023 ला कामावरच्या इजेच्या भरपाईचा क्लेम केंद्रीय कामगार खात्याने फेटाळला. सिएटलला गोदामात काम करणाऱ्या मेहुण्यांचा क्लेम मात्र नर्स प्रॅक्टिशनरच्याच, म्हणजे तपासणी-उपचाराचा परवाना असलेल्या नर्सच्याच, कागदांवर मंजूर झाला. हा भेदभाव नाही का?

नाही. मेहुणे खासगी नोकरीत आहेत, त्यांना वॉशिंग्टन राज्याचा कायदा लागतो आणि तिथे नर्स प्रॅक्टिशनर चालतात. तुम्ही केंद्राचे कर्मचारी. तुम्हाला लागतो 'फेका', म्हणजे फेडरल एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट. त्याच्या कलम 8101(2) मध्ये 'फिजिशियन' कोण ते सांगितलंय. त्यात सर्जन आहेत, दंतवैद्य आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. तुमचा निर्णय झाला तेव्हा, 2023 मध्ये, त्यात नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत काम करणारे, पण डॉक्टर नसलेले वैद्यकीय सहायक) नव्हते. राज्याने त्यांना कितीही अधिकार दिले असले तरी इथे त्याचा उपयोग नव्हता.

तुम्ही पाठवलेले चारही रिपोर्ट वाचले. तपासणी नीट केली आहे, एमआरआयही जोडलाय. पण प्रत्येक सहीखाली 'एपीएन', म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स, लिहिलंय, म्हणजे तुमच्या 'डॉक्टर मॅडम' नर्स प्रॅक्टिशनर आहेत, आणि त्याच्याखाली 'कोलॅबोरेटिंग फिजिशियन' ही ओळ कोरी आहे. त्या ओळीवर डॉक्टरची सही असती तर तोच कागद पुरावा म्हणून वाचला गेला असता. क्लेम फेटाळण्याआधी कामगार खात्याने पत्र पाठवून नेमकी हीच उणीव सांगितली होती. ते पत्र 'नेहमीचं सरकारी पत्र' समजून तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकलंत, असं तुम्हीच लिहिलंय. आता काय बोलावं!

नंतर जोडलेला कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हाताने दाबून मणके बसवणाऱ्याचा, कागदही विसरा. एक्स-रेत मणका सरकलेला दिसला तरच, तेवढ्यापुरता कायरोप्रॅक्टर 'फिजिशियन' ठरतो. तुमचं दुखणं खांद्याचं आहे.

आता उपाय. सुनावणी 30 दिवसांत मागायची होती. आज ऑक्टोबर 2023 उजाडलाय. उशिरा मागितली तर द्यायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर. अपील बोर्डाकडे 180 दिवसांत जाता येतं, पण तिथे नवा कागद घेत नाहीत आणि तुमची अडचण नेमकी कागदाचीच आहे. म्हणून फेरविचाराचा अर्ज करा. त्याला निर्णयाच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, आणि त्या मुदतीत अर्ज त्यांच्या हाती पडायला हवा. नुसता पोस्टात टाकून भागत नाही. हे टपालवाल्याला वेगळं सांगायला नको.

ऑर्थोपेडिक सर्जनकडे जा, चारही रिपोर्ट आणि एमआरआय दाखवा. जुन्या कागदांवर प्रतिस्वाक्षरी मिळाली तर उत्तमच, पण स्वतंत्र अहवाल मागाच. त्या दिवशी काय उचललं, हात कुठल्या स्थितीत होता, आणि तेवढ्याने स्नायू कसा फाटतो, याचं कारण त्यात यायला हवं. 'कामामुळे झालं असू शकेल' असं गुळमुळीत वाक्य असेल तर तिथेच बसून बदलून घ्या. ते वाक्य नीट आलं तर तुमची बाजू बरीच भक्कम होईल. निकाल काय लागेल ते मात्र मी सांगू शकत नाही.

कायदा बदलणार का, असंही विचारलंय. नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटना मान्यता देणारं विधेयक जून 2022 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. 2023 मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. खेड्यापाड्यांत, जिथे डॉक्टर मैलोन्‌मैल नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी ते व्हायलाच हवं. पण त्याची वाट बघत तुमचं वर्ष घालवू नका.

अर्जंट केअरच्या बिलाबद्दल: सुपरवायझरने इजा झाल्यावर सीए-16, म्हणजे उपचाराला मंजुरी देणारा फॉर्म, भरून दिला होता का, ते शोधा. रीतसर भरलेला असेल, तर क्लेम फेटाळला तरी ठराविक काळाच्या उपचाराचा खर्च सरकारकडे मागता येतो. तो ड्रॉवर आता एकदा पूर्ण रिकामा करा.