लघुरूपांचा राग नेमका कशाचा येतो?

पार्ल्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. त्यांची भाची व्हॉट्सअॅपवर 'टीसी', 'एचबीडी' (हॅपी बर्थडे), 'ओएमजी' (ओह माय गॉड) असं लिहिते, आणि 'ओके'चंही नुसतं 'के' करते. 'वाचताना मला चीड येते. हा भाषेचा अपमान आहे, की माझं वय बोलतंय? आणि मराठीत लघुरूप करायचंच झालं तर टिंब द्यायचं की नाही?' असं त्या विचारतात.

बाई, चीड येण्यात काही गैर नाही. पण ती सरसकट लघुरूपांवर काढू नका, कारण मराठी लिहिणाऱ्यांना लघुरूपांची सवय फार जुनी आहे. तुम्ही स्वतः पोस्टकार्डावर 'ती. बाबांस, सा.न.वि.वि.' लिहून सुरुवात केली असेल आणि जागा संपल्यावर कडेला आडवं 'ता.क.' घातलं असेल. साष्टांग नमस्कार विनंती विशेष एवढा लांबलचक मायना चार अक्षरांत बसला आणि कोणत्याही वडिलांना त्यात उर्मटपणा दिसला नाही. धाकट्यांना 'अ.उ.आ.' (अनेक उत्तम आशीर्वाद), लग्नपत्रिकेत 'चि.सौ.कां.', कीर्तनाच्या फलकावर 'ह.भ.प.', पत्त्यात 'मु.पो.'. त्याही मागे गेलात तर मोडी कागदांत 'मौजे'चं नुसतं 'मौ' भेटतं. इंग्रजीतलं 'ओएमजी'सुद्धा मोबाइलचं अपत्य नव्हे. ब्रिटिश नौदलातले अॅडमिरल फिशर यांनी 1917 साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे.

मग आताच खुपतं कशामुळे? माझ्या मते याचं एक कारण अगदी तांत्रिक आहे आणि मराठीला ते जास्त भोवलं. एसएमएस रोमन लिपीत लिहिला तर एका संदेशात 160 अक्षरं मावतात. त्यात देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी मर्यादा 70 वर येते, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यालाच 29 जागा लागतात. शिवाय कितीतरी फोनांत देवनागरी नव्हतीच. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने मोबाइलवरचं मराठी रोमन लिपीत लिहायला घेतलं आणि जागा वाचवायला इंग्रजीची युक्ती उचलली, ती म्हणजे स्वर गाळायचे.

ही युक्ती मराठीला झेपत नाही. आपल्या भाषेत लिंग, वचन, पुरुष, अगदी आदरसुद्धा शब्दाच्या शेवटच्या स्वरात असतो. 'पी-टी-एच-व्ही' ही चार रोमन अक्षरं घ्या. ते पाठव, पाठवा की पाठवू? पहिल्यात सलगीची आज्ञा, दुसऱ्यात अहो-जाहो, तिसऱ्यात विचारणा. तसंच 'के-एल'. केला, केली, केलं, काल, काळ, सगळं त्यात बसतं, कारण ल आणि ळ यांतला फरकही रोमन लिपीने खाल्लेला असतो. आलेल्या निरोपात आपल्याला मान दिला आहे की अरे-तुरे केलं आहे हेच वाचणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी येणारी चीड ही वयाची तक्रार मुळीच नाही. भाषेचा जो भाग खरं काम करतो नेमका तोच गाळला गेलेला असतो, आणि शिक्षकी पेशातल्या माणसाला ते आधी जाणवतं इतकंच.

दुसरी गोष्ट संदर्भाची. मुंबईत 'टीसी' म्हटलं की आधी डोळ्यांपुढे तिकीट तपासणारा येतो, शाळेच्या कचेरीत त्याचा अर्थ दाखला होतो, आणि तुमच्या भाचीच्या लेखी ते 'टेक केअर' असतं. 'दादरला उतरतेय, टीसी' हा निरोप कोणी कसा वाचावा? लघुरूप लिहिणाऱ्याचा वेळ वाचवतं ते वाचणाऱ्याला अर्थ ठाऊक असेल तरच. नाहीतर वाचलेला तो वेळ दुसऱ्याच्या खात्यातून गेलेला असतो. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर डावीकडे इंग्रजी 'एस' लागला की रोजचा प्रवासी कर्जत समजतो, 'एन' लागला की कसारा. त्याच पाटीवर शेवटी लागलेला 'एस' मात्र स्लो गाडीचा. बदलापूरकराला यात क्षणाचाही गोंधळ होत नाही, पण पहिल्यांदा आलेला पाहुणा शेजारच्याला विचारतो. गाडीच्या पाटीवर हे चालून जातं, कारण ती एकाच वेळी हजारोंसाठी असते. निरोप मात्र एका माणसासाठी असतो, आणि त्या माणसाला काय कळतं हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

मराठी संकेतस्थळांवरची मंडळी 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा), 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), 'हहपुवा' (हसून हसून पुरेवाट) असं लिहितात, ते मला मनापासून आवडतं. मराठीत आपण रोमनसारखं सुटं अक्षर घेत नाही, काना-मात्रेसकट पहिलं अक्षर उचलतो, म्हणून ही लघुरूपं तोंडाने म्हणता येतात आणि मराठीच वाटतात. कोणालाही कमी न लेखता भाषेने आपल्याच मालातून काढलेलं हे नवं काम आहे.

मात्र एका ठिकाणी मी तुमच्याही पुढे जाईन. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी येते आणि खाली ओळीने 'आरआयपी', 'आरआयपी', हल्ली 'भा.पू.श्र.'सुद्धा. हे मला सहन होत नाही. कोणी म्हणेल, 'सा.न.वि.वि.' चालत होतं ना? चालत होतं, कारण त्याच्याखाली दोन पानं पत्र असायचं. तिथे लघुरूप फक्त दार उघडून द्यायचं. इथे तीन अक्षरं हाच पूर्ण निरोप असतो. ज्याचे वडील गेले त्याच्यासाठी आपण तीन शब्दही पुरते लिहिले नाहीत हे त्याला दिसतं. 'ऐकून वाईट वाटलं, काही लागलं तर हाक मार' एवढं लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. आभार मानताना आणि माफी मागतानाही मी हाच नियम पाळतो: जिथे शब्द लिहिण्याचे कष्ट हाच निरोप असतो, तिथे लघुरूप नको.

'के'चंही थोडंफार असंच. 'ओ' गाळून वाचतं एकच अक्षर, पण बोलण्याचा सूर तुटक होतो. भाचीच्या मैत्रिणींनीही तिला नुसतं 'के' पाठवलं तर 'रागावलीस का?' असं तीच विचारेल. तेव्हा तिला भाषेच्या ऱ्हासावर व्याख्यान देऊ नका, 'मला के वाचलं की तू रुसलीस असं वाटतं' एवढं सांगा. एचबीडी-ओएमजी तिचं तिला लखलाभ असू द्या.

आता टिंबाचं. प्रत्येक अक्षर सुटं धरून मनात पूर्ण शब्द वाचायचा असेल तर टिंब द्यावं: ता.क., मु.पो., ह.भ.प. लघुरूप स्वतःच शब्द होऊन बोलण्यात आलं की टिंबं काढावीत. आपली 'बेस्ट' पाहा. 1905 साली त्यातला 'बी' बॉम्बेचा होता आणि 'टी' ट्रामवेजचा. ट्राम 1964 मध्ये बंद झाली. आज 'बी' बृहन्मुंबईचा आहे आणि 'टी' ट्रान्सपोर्टचा, पण बसथांब्यावरचं कोणीही ती अक्षरं सोडवून वाचत नाही. त्याच न्यायाने 'पुलेशु' टिंबांविना लिहावं आणि 'वा.दि.हा.शु.' अजून टिंबांसह.