ठाण्यात वडिलांची बेरियम तपासणी केली, अन्ननलिकेत गुळगुळीत फुगवटा आलाय. कॅन्सर असेल का?

एवढ्यावरून धास्ती घेऊ नका. कॅन्सरच्या कडा बहुधा खडबडीत, कुरतडल्यासारख्या दिसतात. गुळगुळीत फुगवटा आणि वरचं अस्तर शाबूत, हे चित्र जास्त करून लायोमायोमाचं, म्हणजे स्नायूतल्या साध्या गाठीचं. सीटी स्कॅनमध्ये आत चरबी दिसली तर लायपोमा (चरबीची गाठ) किंवा पॉलिपचा (आत लोंबणाऱ्या गाठीचा) विचार करतात.

खरा उलगडा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेल्या सोनोग्राफीने होतो. लायोमायोमा त्यात बहुधा भिंतीच्या चौथ्या, स्नायूच्या थरातून निघालेली, एकसारखी काळपट गाठ दिसते. जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली, कधी कॅन्सरसारखी वागणारी गाठ) हीही अगदी तशीच दिसू शकते, त्यामुळे कधी सुईने नमुना घ्यावा लागतो. ठाण्यात ही सोय प्रत्येक ठिकाणी नाही, फोन करूनच जा. रिपोर्टसोबत फिल्म आणि सीडीही न्या.

हो, साधी बायोप्सी (दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेणं) घाईने नको, आधी सर्जनला विचारा. त्याने अस्तर गाठीला चिकटलं की पुढे ती सोलून काढताना त्रास होतो.