गारठून बेशुद्ध पडलेल्या माणसाला हलवलं तर हृदय बंद पडतं, हे खरं आहे का?

तुमच्या भाच्याला उत्तराखंडच्या ट्रेकआधी लीडरने बजावलं, की थंडीने बेशुद्ध पडलेल्याला हात लावू नका, हृदय बंद पडतं. तुमचा प्रश्न असा, की मग त्याला तिथेच बर्फात सोडायचं का? मी भूलतज्ज्ञ आहे. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत आम्ही रुग्णाचं शरीर मुद्दाम थंड करतो, आणि सवड मिळेल तेव्हा मी हिमालयात जाते, म्हणून सविस्तर लिहिते. लीडरने सांगितलेली भीती खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्याला हलवायचंच, फक्त आडवं ठेवून, हिसका न देता.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. माणूस कुडकुडतो, जीभ अडखळते, बटण लावता येत नाही. साधारण ३२ च्या खाली कुडकुडणं मंदावतं आणि मग थांबतं. सोबत्यांना वाटतं, बरं वाटायला लागलं. मला सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची वाटते, कारण इथून पुढे हृदयाची लय बिघडू लागते. नाडी मंद आणि अनियमित होते. २८ अंशांखाली गेल्यावर हृदयाचा स्नायू इतका चिडखोर होतो की एखाद्या हिसक्यानेही खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात, रक्त पुढे ढकललं जात नाही. वयस्क किंवा आधीच हृदयविकार असलेल्यांत हे याहून वरच्या तापमानालाही होऊ शकतं. पर्वतावर हे आकडे मोजता येत नाहीत. घरातल्या काचेच्या थर्मामीटरची पट्टी ९४ फॅरनहाइटच्या आसपास सुरू होते, म्हणजे जवळजवळ ३४.५ सेल्सिअस. त्याखालचं त्याला दिसतच नाही. म्हणून शुद्ध आणि कुडकुडणं याच दोन गोष्टी पाहायच्या.

सुटका होतानाच माणूस जातो, असंही घडतं. थंडीत मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे रक्ताचं प्रमाण आधीच घटलेलं असतं. अशा माणसाला खांद्यावर टाकून उभं केलं, चालवलं, तर रक्तदाब कोसळतो. हातपायांतलं गार रक्त मध्यभागाकडे येतं आणि आतलं तापमान आणखी उतरतं. हातपाय चोळणं, शेकोटीपाशी ओढत नेणं, ब्रँडी पाजणं यांतलं काहीही करू नये. ओले कपडे ओढून काढण्यापेक्षा कात्रीने कापा. खाली मॅट, वर स्लीपिंग बॅग, त्यावर वारा अडवणारं प्लॅस्टिक. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीला आणि काखेत लावा. गोड गरम चहा फक्त शुद्धीवर असलेल्या, नीट गिळू शकणाऱ्यालाच द्या.

नाडी लागली नाही तर? घाईने ‘गेला’ म्हणू नका. श्वास आणि नाडी पूर्ण एक मिनिट तपासा, कारण मिनिटाला दहा-बारा ठोकेही पडत असू शकतात. खरंच काही नसेल तर छातीदाब (सीपीआर) सुरू करा. ३० अंशांखाली विजेचा झटका आणि औषधं अनेकदा लागू पडत नाहीत. त्यामुळे छातीदाब देत देत त्याला खाली, आणि शक्य तर हृदय-फुप्फुस यंत्र किंवा एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत देणारं यंत्र) असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचवणं, हाच इलाज. अवघड वाटेवर सलग दाबणं अशक्य असेल, तर निदान पाच मिनिटं छातीदाब आणि मग जास्तीत जास्त पाच मिनिटं चालणं, असं आलटून पालटून करायला मार्गदर्शक सूचना परवानगी देतात. एरवी हृदय बंद पडलं तर हे कुणी सांगणार नाही.

हे चालतं, कारण थंडी हृदयाला नाजूक करते तशी मेंदूला वाचवतेही. तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत १८-२० अंशांना रक्ताभिसरण पूर्ण थांबवून सर्जन काम करतात, त्यामागे हेच गणित आहे. नॉर्वेत २० मे १९९९ रोजी आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना नार्विकजवळ ओढ्याच्या बर्फाखाली अडकली. ८० मिनिटं ती पाण्यात होती. ट्रोम्सोच्या रुग्णालयात तिचं तापमान १३.७ अंश भरलं आणि हृदय थांबलेलं होतं. हृदय-फुप्फुस यंत्रावर तिला हळूहळू ऊब देण्यात आली. ती वाचली, आणि पुढे त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट झाली. डेन्मार्कमध्ये फेब्रुवारी २०११ ला बोट उलटून गारठलेल्या, हृदय थांबलेल्या सात मुलामुलींनाही अशाच यंत्रावर घेतलं, आणि सातही जण जगले.

आनाला बर्फाखाली हवेची पोकळी सापडली होती, त्यामुळे ती श्वास घेत घेत आधी थंड झाली आणि हृदय नंतर थांबलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. हिमस्खलनात नाकातोंडात बर्फ गच्च भरून आधी गुदमरलेल्या माणसाला थंडीचं हे संरक्षण मिळत नाही.

हृदय बंद पडण्याची वेळच येऊ नये, हे बरंचसं ट्रेकच्या आयोजनावर अवलंबून असतं. भाच्याला आयोजकांना एवढं विचारायला सांगा: वरच्या कॅम्पवर स्ट्रेचर आहे का, कोरडी जादा स्लीपिंग बॅग कुणाच्या सॅकमध्ये असते, आणि वाहन येणारा सर्वांत जवळचा रस्ता आडवा माणूस उचलून किती तासांवर आहे. वर असताना ज्याचं बोलणं अडखळायला लागेल, त्याला त्याच मिनिटाला थांबवून कोरडे कपडे चढवायचे.