देवाला जाब विचारला म्हणजे श्रद्धा संपली का?

देवावर राग येतो, प्रार्थना तोंडातून फुटत नाही, म्हणजे आपण नास्तिक झालो का, ही शंका समुपदेशनाला येणारे अनेक जण दबक्या आवाजात विचारतात. ठाण्यातील एका बेने इस्राएल, म्हणजे मराठीभाषक ज्यू, कुटुंबातील साठीच्या बाईंनी ती विचारली, तेव्हा त्यांच्या लेकीचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजाराइतकेच त्यांना नातेवाइकांचे एक वाक्य पोखरत होते: “काहीतरी चुकले असेल, आठवून पाहा.” त्या खरोखरच आठवत बसल्या होत्या. त्यांनी दाखवलेल्या वहीत जावेशी झालेले जुने भांडण, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी केलेली नोकरी, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या (संदेष्टा एलियाच्या) टापाशी, म्हणजे त्याची खूण मानल्या जाणाऱ्या खडकापाशी, मलिदा हा पोह्यांच्या नैवेद्याचा विधी करण्याचा राहून गेलेला नवस, अशा नोंदी होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह होते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावणे त्यांनी बंद केले होते.

समुपदेशकाने धर्म शिकवू नये, या मताची मी आहे आणि मी ज्यू नाही. परंतु समोरची व्यक्ती ज्या परंपरेच्या आधाराने स्वतःला दोषी ठरवते, ती परंपरा नेमके काय म्हणते, हे तिच्यासोबत वाचण्यात मला गैर वाटत नाही. आम्ही हिब्रू बायबलमधील ईयोबाचा ग्रंथ वाचायला घेतला. सचोटीच्या ईयोबाची मुले, संपत्ती आणि आरोग्य हिरावले जाते. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. माझ्या मते त्यांचे शहाणपण तेवढ्यापुरतेच. तोंड उघडल्यावर ते देव न्यायी आहे, त्या अर्थी तुझे पाप असणारच, हे पुन्हा पुन्हा सांगतात. ईयोब ते मान्य करत नाही, देवाकडेच दाद मागतो. आणि शेवटच्या, ४२व्या अध्यायात देव मित्रांवर रागावून म्हणतो की, माझा सेवक ईयोब जसे माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. दुःख का आले, याचे उत्तर मात्र ईयोबालाही मिळत नाही. पुढे तालमूदने, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहाने, या मित्रांसारखे दुःखिताला बोलणे ही शब्दांनी केलेली पीडा ठरवून निषिद्ध मानले.

“पण आपली कृत्ये तपासावीत, असेही सांगितले आहे ना?” बाईंनी विचारले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. तालमूदच्या ‘बराखोत’ या भागात तसे आहे, आणि ज्याला दोष सापडत नाही त्याच्या यातना देवाच्या प्रेमातून आल्या असाव्यात, असेही आहे. पण ती तपासणी ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याने ती लादली की ती ईयोबाच्या मित्रांचीच भाषा होते. शिवाय त्याच चर्चेत पुढे राब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानान आजारी राब्बी हिय्या बार अब्बांना भेटायला जातात आणि विचारतात, या यातना तुम्हाला प्रिय आहेत का? उत्तर येते: त्याही नकोत आणि त्यांचे फळही नको. त्यावर ते उपदेश करत नाहीत. हात पुढे करायला सांगतात आणि त्यांना उठवतात. दहा मुलगे गमावल्याची परंपरा ज्यांच्याविषयी सांगते, तेच हे योहानान. पुढे ते स्वतः आजारी पडतात तेव्हा राब्बी हनिना त्यांना उठवतात, कारण कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

हा भाग बाईंनी दोनदा वाचला आणि प्रथमच लेकीच्या आजाराऐवजी स्वतःच्या थकव्याविषयी बोलल्या.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही दोन गोष्टींवर काम केले. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असा टाहो फोडणारे बायबलमधील तेरावे स्तोत्र विश्वासाच्या शब्दांनी संपते. ते शब्द खरे वाटत नसतील तर आधीच थांबावे, असे मी सुचवले, आणि त्या तसे करतात. दुसरे म्हणजे मदत मागणे, जे त्यांना रागापेक्षाही जड गेले. आता मंगळवारच्या डायलिसिसला लेकीसोबत त्यांची जाऊ जाते.